न जुळणाऱ्या खुर्च्या

पाऊस सरला की आमच्या बेळगावात घरातलं सामान अंगणात येतं. चार महिने दमट हवेत राहिलेल्या गाद्या, पाट, कपाटाच्या फळ्या उन्हात पडतात, बुरशी पुसली जाते. नेमके याच दिवसांत मासिकांतून घरसजावटीची पानंही बहरतात. त्यांचा सध्याचा आवडता सल्ला असा, की एकाच पद्धतीचं फर्निचर ठेवू नका, जुनं-नवं, देशी-विलायती मिसळा, म्हणजे घराला ऊब येते. सोबत चित्र असतं. वेताची खुर्ची, तिच्यावर सहज टाकल्यासारखी शाल, शेजारी जुनी पेटी, परडीत वाळकी पानं. चित्र छान असतं, पण त्या खुर्चीत बसतं कोण, हे काही त्यात दिसत नाही.

या सल्ल्याचं मूळ शोधू गेलं तर एका घराचं नाव पुन्हापुन्हा पुढे येतं, ते म्हणजे इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातलं चार्ल्सटन. मी ते चित्रांतून आणि पुस्तकांतूनच पाहिलं आहे. चित्रकार व्हेनेसा बेल, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फची थोरली बहीण, १९१६ च्या शरदात आपली दोन मुलं घेऊन तिथे राहायला आली. बरोबर डंकन ग्रँट आणि डेव्हिड गार्नेट होते. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि या दोघांनी शस्त्र हाती धरायला नकार दिला होता. त्याबदल्यात शेतावर राबायचं, अशी सरकारची अट होती. म्हणून हे शेतावरचं भाड्याचं घर घेतलं. वीज नव्हती, थंडी मात्र भरपूर.

म्हणजे बघा, मिसळ करायची म्हणून कुणी केली नव्हती. घरून आलेलं, स्वस्तात मिळालेलं, कुणी दिलेलं, असं जे हाताशी आलं ते आत आलं. काही सामान ओमेगा वर्कशॉप्सचं होतं. रॉजर फ्राय या समीक्षकाने १९१३ मध्ये लंडनला काढलेली ही कार्यशाळा. तिथे चित्रकार खुर्च्या-टेबलं रंगवायचे, पण वस्तूवर स्वतःचं नाव घालायचं नाही, असा नियम होता. १९१९ मध्ये ती बंद पडली. चार्ल्सटनमध्ये मात्र हे रंगवणं थांबलं नाही. दारं, भिंती, टेबलं, पलंगाच्या फळ्या, काही सुटलं नाही. शेकोटीसाठी लाकडं ठेवायची साधी पेटी, तिच्या चारी बाजूंवर ग्रँटने नाचणारे-वाजवणारे देवदूत काढले. त्याने नक्षी आखायची आणि त्याच्या आईने ती खुर्च्यांच्या बैठकीसाठी भरतकामात उतरवायची, असंही चाले. मला त्या घरातलं हे सगळ्यांत आवडतं. आईच्या सुईचा आणि मुलाच्या कुंचल्याचा मेळ बसला, मग खुर्ची कुठल्या घाटाची हे कोण विचारतो?

कौतुक केलं, आता तक्रारही सांगते. सगळंच रंगवायचं हा सोस मला पटत नाही. हलक्या लाकडाला रंग चढवला तर ते उजळतं, कबूल. पण आपल्याकडच्या शिसवी पलंगाला किंवा सागवानी फडताळाला कुणी निळा रंग फासला, तर मी त्याला सजावट म्हणणार नाही. लाकडाला स्वतःचा चेहरा असतो. चार्ल्सटनची नक्कल करताना नवी खुर्ची घासून जुनी दाखवतात, ते तर मला खोट्या पांढऱ्या केसांसारखं वाटतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. त्या घराची ऊब कुणाच्या हातांची होती? ग्रेस हिगेन्स नावाची मुलगी १९२० मध्ये व्हेनेसाकडे कामाला लागली, तेव्हा ती जेमतेम सोळा-सतरा वर्षांची होती. पुढे स्वयंपाकीण, घर सांभाळणारी, असं करत तिने जवळजवळ पन्नास वर्षं त्या कुटुंबासाठी काढली. व्हेनेसा १९६१ मध्ये गेली, तरी ग्रेस होतीच. रंगवलेल्या त्या गोल टेबलाभोवतीच्या गप्पांवर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. त्या टेबलावरची ताटं उचलणारीचं नाव मात्र सजावटीच्या पानांत सापडत नाही. घरच्यांनी तिची आठवण ठेवली, व्हेनेसाच्या मुलाने स्वयंपाकघरात तिच्या नावाचा फलक बसवला. नक्कल करणाऱ्यांनी मात्र शाल तेवढी उचलली.

हे लिहिताना माझं बोट माझ्याकडेही वळतं. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही सोफासेट घेतला. सगळं एका रंगाचं, जुळणारं. त्यात सासूबाईंची ठेंगणी लाकडी खुर्ची विजोड दिसायला लागली, म्हणून मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. त्या काही बोलल्या नाहीत. सोफा खोल होता, गुडघ्यांमुळे त्यांना त्यातून उठता येत नसे. हळूहळू त्या बाहेरच्या खोलीत यायच्याच बंद झाल्या. पाहुणे आले तरी स्वयंपाकघरात पाटावर, भिंतीला टेकून बसायच्या. मला वाटायचं, त्यांना एकांत आवडतो. खुर्ची गेली म्हणून त्या गेल्या, हे मला कळलं तेव्हा सांगायला त्या राहिल्या नव्हत्या.

म्हणून शैली मिसळा हा सल्ला मला चुकीचा वाटत नाही, अर्धा वाटतो. वस्तू मिसळायच्या त्या माणसं वेगवेगळी असतात म्हणून. म्हातारीला उंच, टणक बैठक लागते, शिकणाऱ्या पोराला सपाट टेबल, बाळंतिणीला हात टेकायला आधार. ही सगळी एका घरात राहिली तर सामान आपोआप विजोड होणार, आणि ते तसंच शोभतं.

यंदा सामान उन्हात काढाल तेव्हा एवढं करून बघा, बायांनो. प्रत्येक खुर्चीपुढे उभं राहून, ही कुणाची, ते विचारा. आणि घरी कामाला येणारी बाई चहा पिताना कुठे टेकते, तेही एकदा बघा. आमच्याकडे ती अजून उंबऱ्यावरच बसायची. मागच्या आठवड्यात मी तिच्यासाठी एक खुर्ची आणली. प्लॅस्टिकची, लाल. सोफ्याशी ती अजिबात जुळत नाही.