पडद्यावरचा फादर

टीव्हीलाही एक आश्रयदाती संत आहे. असिसीची क्लारा आजारपणामुळे नाताळच्या मिस्साला जाऊ शकली नाही, तेव्हा खोलीच्या भिंतीवर तिला ती मिस्सा दिसली आणि ऐकूही आली, अशी कथा आहे. तेराव्या शतकातल्या त्या भिंतीच्या भरवशावर पोप पायस बारावे यांनी 1950च्या दशकात टीव्ही तिच्या हवाली केला. नेमणूक झकास आहे. पण कॅथलिक टीव्ही म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना घरबसल्या मिस्सा, ही समजूत त्यानंतर फारशी हललीच नाही. मदर अँजेलिका यांनी 1981मध्ये अलाबामातल्या मठाच्या गॅरेजात ईडब्ल्यूटीएन हे कॅथलिक चॅनल सुरू केलं. आज ते जगभर दिसतं. मिस्सा, रोझरी, प्रवचन, पुन्हा मिस्सा. माझ्या ओळखीच्या कितीतरी म्हाताऱ्यांचा दिवस अशाच वाहिन्यांवर सरतो, त्यामुळे हसण्याची माझी हिंमत नाही. तक्रार एवढीच, की त्यात गोष्ट नाही.

नुसत्या प्रवचनावर गर्दी खेचली ती बिशप फुल्टन शीन यांनी. 1952 ते 1957, अमेरिकेत, खांद्यावर केप आणि हातात खडू. समोरच्या वाहिनीवर मिल्टन बर्लसारखा लोकप्रिय विनोदवीर असताना लोक यांचं तत्त्वज्ञान ऐकत बसायचे. फळा भरला की शीन बाजूला सरायचे. परत येईतो फळा कोरा. देवदूताने पुसला, म्हणायचे. त्यांना एमी मिळालं. नंतरच्यांनी केप तेवढी घेतली.

गोष्ट सांगायला निघालेल्यांचं काय झालं? 1997मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘नथिंग सेक्रेड’ ही मालिका आली. लिहिणाऱ्यांत एक येशूसंघीय धर्मगुरू होता, नायक शंकांनी पोखरलेला फादर. ख्रिस्तसभेच्या कैवाऱ्यांनीच बहिष्काराची हाक दिली, जाहिरातदार पळाले, वेळ मिळाली ती ‘फ्रेंड्स’च्या समोरची. एका हंगामात कारभार आटोपला. पीबडी पुरस्कार मिळाला, पण त्यावर मालिका चालत नाही. आयर्लंडच्या तीन निकामी पाद्र्यांची ‘फादर टेड’ मात्र त्याच सुमारास धो धो चालली. टिंगल खपते, शंका खपत नाही, असा काहीसा हिशेब दिसतो.

आणि मग ‘ब्रोकन’. बीबीसी, 2017, जिमी मॅकगव्हर्न यांचं लेखन, सहाच भाग. उत्तर इंग्लंडमधलं गरीब धर्मग्राम आणि शॉन बीनचा फादर मायकल. पहिल्याच भागात नोकरी गेलेली एक बाई आईचं मरण लपवते, कारण पेन्शनचे पैसे हवे आहेत. फादर तिला पाप समजावत बसत नाही, तिच्यासाठी धावपळ करतो. पण खरी कमाल वेदीवर आहे. भाकर उचलून येशूचे शब्द उच्चारायचे त्या नेमक्या क्षणी त्याच्या डोक्यात बालपणाचे ओरखडे आणि तारुण्यातल्या चुका उसळतात, हात थबकतात. शंभर चमत्कारपटांत मिस्साचं एवढं वजन मी पाहिलेलं नाही. एका रात्री आलेल्या फोनला तो धावून गेला नाही आणि त्या घरातला मुलगा गेला, हे त्याला सोडत नाही. शेवटच्या भागात तो झगा उतरवायच्या बेतात असताना लोक ख्रिस्तप्रसाद घेतात आणि ‘आमेन’ला जोडून हळूच त्याचं कौतुक करून जातात. संगीताचा गडगडाट नाही, प्रकाशाचा झोत नाही, नुसती रांग सरकते.

येशूच्या आयुष्यावरच्या ‘द चोझन’चा हवाला आता सगळे देतात. इव्हँजेलिकल दिग्दर्शक, येशूच्या भूमिकेत कॅथलिक नट आणि प्रेक्षकांच्याच वर्गणीचा पैसा. मालिका चांगली आहे, पण ती पहिल्या शतकातली. आजचं धर्मग्राम तिच्यात सापडणार नाही.

आपल्याकडे वसईत माझ्या मते दोन मालिका तयार पडून आहेत. एक गोन्सालो गार्सियांची. हुतात्मा म्हणून नको, तो फोटो घरोघरी आहे. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केलेला, तिथली भाषा येत असल्यामुळे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषी झालेला माणूस हवा. नागासाकीचा क्रूस 1597मध्ये येईलच; त्याआधी दोन भाषांच्या मध्ये उभं राहायचं म्हणजे काय, हे दिसू दे. दुसरी अगदी साधी. हिंदी सिनेमाने ख्रिस्ती म्हणून ‘मॅन, मॅन’ करणारा दारुडा पिंटो दिला, पण घरी वसईची कादोडी बोली, प्रार्थनेत प्रमाण मराठी आणि नातवंडांशी इंग्रजी बोलणारी बाई कुणी दाखवली?

या दुसरीची सुरुवात चर्चच्या ऑफिसातून करावी. शनिवारची दुपार. टेबलावर बाप्तिस्म्याची जाड वही, कोपरे वाळवीने खाल्लेले. लग्नासाठी दाखला हवा म्हणून एक मुलगा आलेला आहे, आणि वहीत त्याच्या बापाचं नाव वेगळं निघतं. बाहेर बाकावर त्याची आजी बसली आहे. फादर वहीकडे पाहतात, मग दाराकडे, आणि चहा सांगतात.