सामंत, तुम्ही गप्प का नाही बसलात?

गेल्या वेळी सॉलोमन अ‍ॅशच्या प्रयोगावर लिहीन म्हटलं होतं. लिहिणारच आहे, पण वाट जरा वाकडी आहे. सुट्टीत जऊळक्याला असताना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचलं आणि अ‍ॅश डोक्यातून हलेचना.

आधी प्रयोग बघू. १९५०च्या दशकातला, अमेरिकेतला. एका खोलीत सात-आठ जण. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन रेघा. तिन्हींतली पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. पोराटोरांनाही जमेल. गोम अशी की एक सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील असतात आणि ठरवून एकमुखानं चुकीचं उत्तर देतात. खऱ्या माणसाची पाळी शेवटी-शेवटी येते. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं कळपाच्या बाजूनं गेली. दर चारातल्या तीन जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत होतं ते सोडून दिलं.

हे आकडे सगळेच सांगतात. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. सामील लोकांपैकी एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हे वाहवत जाणं सुमारे एक चतुर्थांशावर आलं. लोकांना एक सोबती मिळाला की पुरतं.

आता नाटक. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगायननं केलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. पुढे १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी सिनेमा केला. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला एका गावात येते. वेळ जावा म्हणून गंमतीचा खटला उभा करतात. आरोपी लीला बेणारे, शाळेतली बाई. आरोप भ्रूणहत्येचा. गंमत कधी संपते ते कुणी सांगत नाही.

या नाटकावर लिहिणारे बहुतेक बेणारेवर लिहितात, किंवा काशीकर-सुखात्म्यांच्या दांभिकपणावर. ते बरोबरच आहे. (न्यायाधीश काशीकर सारखा कान कोरत असतो, ऐकायला मात्र येत नाही.) पण मी पडलो खेड्यातला, त्यामुळे माझं लक्ष सामंतवर जातं. तो त्या गावचा. पाहुण्यांना हॉल दाखवायला आलेला, भिडस्त, भाच्यासाठी हिरव्या कापडाचा पोपट घेतलेला. बेणारे सुरुवातीला त्याच्याशीच मोकळेपणानं बोलते. एक साक्षीदार आलेला नसतो म्हणून याला उभं करतात. शहरातल्या मोठ्या माणसांनी आपल्याला काम दिलं याचं त्याला कोण अप्रूप! आणि मग तो खिशातल्या कादंबरीच्या आधारानं साक्ष ठोकून देतो. दामल्यांच्या खोलीबाहेर उभा होतो, आतून बाईचा आवाज आला. बेणारे ओरडते की खोटं आहे. खोटं आहे हे तिथं सगळ्यांना ठाऊकच असतं. पण ते खऱ्याच्या इतकं जवळ पडतं की पुढे कुणाला खेळाची गरजच उरत नाही.

आता हे अ‍ॅशच्या चौकटीत बसवून बघा. बसत नाही. अ‍ॅशच्या खोलीतला माणूस दिसलेलं नाकारतो. सामंतनं काही पाहिलेलंच नाही, तरी तो बोलतो. त्याला कळपाच्या बाजूनं बोलायला लावलेलं आहे. पोंक्षेचं तर उलटंच. त्याच्याकडे खरी माहिती आहे, कुणाला सांगणार नाही असा शब्दही दिलाय, आणि तो ती कोर्टात खऱ्याच्या नावाखाली ओकतो. म्हणजे ‘नेहमी खरं बोलावं’ हा नियमही इथं कामाचा नाही. एकाच हॉलमध्ये एकाचं खोटं आणि दुसऱ्याचं खरं एकाच बाईवर चालून जातं.

मग अ‍ॅश कशाला आणला? त्या सोबत्यासाठी. पूर्ण नाटकात बेणारेला तो मिळत नाही. बचावाचा वकीलही सुखात्मेच, फिर्यादीचाही तोच. कुणीतरी एकानं ‘पुरे झालं, चला चहा घेऊ’ एवढं म्हटलं असतं तरी खेळ बहुधा मोडला असता. ते म्हणू शकेल असा माणूस त्या हॉलमध्ये एकच होता, कारण त्याचे कुणाशी हितसंबंध नव्हते. तो सामंत. तो साक्ष देताना बोलला आणि निकाल लागताना गप्प बसला. दोन्ही वेळा उलटं.

हे मी फार तावातावानं लिहितोय याचं कारण आहे. आमच्या एका बैठकीत एका मुलीच्या डेटाची अशीच गंमत सुरू झाली होती. हलकीफुलकी. मीही एक वाक्य टाकलं, सगळे हसले. तिच्या नियंत्रण-नमुन्यांत चूक नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण ते मी स्वतः मोजले होते. ते मात्र बोललो नाही. नंतर कॉरिडॉरमध्ये सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि गेली.

शेवटी बेणारेला निवेदनाला दहा सेकंद मिळतात. ती बोलते, भरभरून बोलते, पण ते फक्त आपल्याला ऐकू येतं. मंचावरची माणसं गोठलेली. मग काशीकर वेळ संपल्याचं सांगतो. ही युक्ती जबरदस्त आहे, यात वाद नाही. माझी तक्रार त्यानंतरची आहे. सगळे प्रयोगाच्या तयारीला लागतात आणि सामंत हळूच तो पोपट तिच्याजवळ ठेवून जातो. तेंडुलकरांनी त्याला तिथं सोडून दिलं असं मला वाटतं. प्रेक्षक हळहळतात, की बघा, गावचा माणूस किती चांगला! पोपट ठेवणं म्हणजे कॉरिडॉरमध्ये सांगण्यासारखंच. निकाल लागून गेलेला असतो.

पुढच्या वेळी एलिझाबेथ नोएल-नॉयमानच्या १९७४च्या ‘मौनाच्या चक्रा’बद्दल लिहीन. आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणसं कशी गप्प होतात, त्याबद्दल. तोवर नाटक मिळवून वाचा, आणि सामंत साक्षीला उभा राहतो तिथं जरा थांबा.