मेंढा, घोडा आणि मुंगी

दौलताबादच्या किल्ल्यावर शाळांच्या सहली येतात, तेव्हा मुले हमखास रेंगाळतात ती मेंढा तोफेपाशी. औरंगजेबाच्या काळातील या तोफेवर कोरलेले नाव आहे ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके आहे, म्हणून लोकांनी तिला मेंढा केले. विजापूरच्या, १५४९ साली अहमदनगरला ओतलेल्या मुलूख-मैदान तोफेच्या तोंडाशी सिंहाचा जबडा आहे. तो नुसता भिववतो. मेंढा त्याहून जास्त सांगतो. टक्कर देताना मेंढा आधी मागे सरतो. गोळा सुटताच तोफही मागे हटते. कारागिराच्या मनात न्यूटनचा तिसरा नियम नव्हता हे उघड आहे, पण प्रतिमा यंत्राच्या चालीला धरून आहे.

कवितेतील यंत्रांनाही हीच कसोटी लावून पाहावी. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिने आगगाडीवर एक कविता लिहिली. तीत गाडीचे नाव कोठेच नाही, दिसतो तो घोडा. हा घोडा टाकीपाशी थांबून पोट भरतो. वाफेच्या इंजिनाला खरोखरच वाटेत पाणी घ्यावे लागे, तेव्हा ही केवळ कल्पनेची भरारी नव्हे. शास्त्रज्ञ तरी कुठे वेगळे वागले? इंजिनाचे काम गिऱ्हाइकाला समजावे म्हणून जेम्स वॉटने ते घोड्यांत मोजले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट; सुमारे ७६ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी.

पण घोडा थकतो, इंजिन थकत नाही. विजेचे दिवे आले आणि गिरण्या रात्रीही चालू लागल्या. थकला तो यंत्रापाशी उभा असलेला माणूस, आणि घोड्याच्या प्रतिमेत त्याला जागाच नाही. माझ्या मते तिचा खरा उणेपणा हाच.

बा. सी. मर्ढेकरांनी ही प्रतिमा उलटी केली. ‘काही कविता’ हा त्यांचा संग्रह १९४७ चा. त्यांच्या महानगरात यंत्र जनावर होत नाही. माणूसच उंदीर होतो, मुंगी होतो. पिंपात मेलेल्या उंदरांची कविता वर्गात बहुधा निव्वळ मरणाची कविता म्हणून सांगितली जाते. तसे केल्याने तिच्यातले शहर निसटते. ते उंदीर बिळात जगले, पण बिळात मेले नाहीत. माणसाने बनवलेल्या पिंपात ते दाटीवाटीने पडले आहेत.

मुंगीबद्दल मात्र विज्ञानाच्या शिक्षकाने हरकत घ्यावी. वारुळात हुकूम सोडणारे कोणी नसते. राणीचे काम अंडी घालण्याचे. बाकीच्या मुंग्या वासाच्या खुणांवरून आणि एकमेकींच्या स्पर्शावरून आपले काम ओळखतात. गिरणीत भोंगा होता, मुकादम होता, हजेरीपट होता. तेव्हा रांग दाखवायला मुंगी ठीक. सक्ती दाखवायला पिंपच हवे.