निसर्गाचे स्वराज्य आणि गावकुसाबाहेरचा माणूस

राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले गेले त्यांपैकी एक निसर्गाच्या नावाने केला जातो. परकी सत्ता नुसता पैसा नेत नाही, ती जंगल, माती आणि पाणीही ओरबाडते. ज्याला या भूमीत राहायचे नाही त्याला तिची कळकळ असणार नाही. म्हणून भूमी राखायची तर सत्ता तिच्या लेकरांच्या हाती आली पाहिजे, असा हा युक्तिवाद आहे. आपल्याकडचे पर्यावरणवादी त्याचे मूळ गांधींच्या 'हिंद स्वराज्य'मध्ये शोधतात. या युक्तिवादाची तपासणी आपण आपल्या जागेवरून केली पाहिजे.

त्यातील आरोप खरा आहे, हे आधी मान्य करू. इंग्रजांनी १८६४ साली वनखाते स्थापन केले आणि १८७८ च्या कायद्याने विस्तीर्ण जंगले सरकारी राखीव केली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग, साल आणि देवदार तुटले. जो जंगलावर जगत होता, तो एका कायद्याने जंगलातला चोर ठरला.

परंतु हा आरोप महाराष्ट्रात गांधींच्या कितीतरी आधी मांडला गेला होता. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगर, दऱ्या, पडीत जमिनी आणि गायराने वनखात्याने गिळल्यामुळे चार शेळ्या आणि रानातला पाला-फळे यांच्या आधाराने जगणारा गरीब कसा उघड्यावर आला, हे त्यांनी दाखवले. डोंगरावरचे सत्त्व शेतात उतरावे आणि पाणी मुरावे म्हणून लष्करातल्या व पोलिसांतल्या शिपायांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, अशी सूचनाही केली. आणि या लुटीत त्यांनी गोऱ्या अंमलदाराबरोबर भट कामगारालाही उभे केले. निसर्गाची लूट करणारा केवळ परका असतो, हा भ्रम जोतीरावांना नव्हता.

'हिंद स्वराज्य' १९०९ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर गुजरातीत लिहिले गेले. रेल्वे, यंत्र आणि अमर्याद गरजा यांवरचा त्यातील हल्ला आज पुन्हा वाचावासा वाटतो, यात नवल नाही. परंतु पूर्वजांनी जुना नांगर राखला आणि जो तो आपापला धंदा करीत राहिला, याचे श्रेय गांधी संयमाला देतात, तेथे आपल्याला थांबावे लागते. ज्याच्या वाट्याला मेलेले ढोर ओढण्याचा धंदा आला, त्याने तो कोणत्या संयमाने पत्करला? पोटभर मिळणाऱ्याने कमी खाल्ले तर तो संयम. ज्याला मिळतच नाही त्याची ती उपासमार. गांधींनी पुढे अस्पृश्यतेविरुद्ध काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या युक्तिवादाचा आहे. त्या युक्तिवादात जातीने लादलेले दारिद्र्य आणि स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा यांतला फरक पुसला जातो. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना नेमके हेच हेरले. दोष यंत्राचा नसून यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे आणि माणसाला फुरसत मिळायची तर यंत्र हवे, असे त्यांनी मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत त्यांनी खेड्याच्या गौरवाला जो नकार दिला, तो याच विचारातून आला.

१९२७ हे एकच साल पाहा. त्या वर्षी इंग्रजांनी भारतीय वन कायदा केला, आणि त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आपली माणसे पाणी प्यायला गेली. जंगलावर पहारा परक्यांचा होता. तळ्यावर पहारा स्वकीयांचा होता. ज्या तळ्यात जनावर पाणी पिऊ शकत होते ते माणसाच्या स्पर्शाने बाटले म्हणून शेणा-गोमूत्राने शुद्ध केले गेले. पाण्याच्या शुद्धतेची ही भाषा ज्यांनी सोसली, त्यांनी 'आपले पाणी, आपली भूमी' ही घोषणा ऐकताना 'आपले' म्हणजे कोणाचे, हे विचारलेच पाहिजे.

१९४७ नंतर काय झाले? परक्यांचा तो वन कायदा स्वतंत्र भारताने तसाच चालू ठेवला. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा २०१३ अखेरपर्यंत चालला. धरणे, खाणी यांसाठी माणसे त्याच कायद्याने उठवली गेली. सत्ता स्वकीयांची झाली; भूमीशी वागण्याची रीत तीच राहिली.

गायरानाचा प्रश्न तर आपल्या घरातला आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. आणि २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सामूहिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. गावाची तळी-कुरणे धनदांडग्यांनी बळकावली, हे न्यायालयाचे म्हणणे खरे होते. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने पट्ट्याने दिलेल्या जमिनींचा अपवादही त्यात आहे. पण ज्याने पिढीभर गायरान कसले आणि ज्याच्या हाती पट्टाच नाही, त्याला त्या अपवादाचा काय आधार? कुरण वाचवण्याच्या नावाने पहिला नांगर त्याचाच अडवला जाण्याची भीती असते.

म्हणून हा युक्तिवाद फेकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. जंगल राखणाऱ्याच्या हाती जंगल येऊ शकते, हे त्यातून दिसले. मात्र ज्या गावाला गावकूस आहे, तेथे 'गावाला हक्क' या शब्दांनी काम भागत नाही. तेथे ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण दाराशी उभा राहतो, यावर सारे ठरते.

राष्ट्र स्वतंत्र झाले म्हणजे नदी, रान आणि माती स्वतंत्र होत नाहीत. पर्यावरणाचे काम करणाऱ्या आपल्या मित्रांनी 'हिंद स्वराज्य' अवश्य वाचावे. पण त्याच्या शेजारी 'शेतकऱ्याचा असूड' ठेवावा, आणि भूमीच्या वारसांची यादी करताना गावकुसाबाहेरचा माणूस शेवटी आठवण्याची जुनी सवय सोडावी.