सुखाचा छेद

लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'तील (1915) 'सुखदुःखविवेक' या प्रकरणात सुख अपूर्णांकात मांडून पाहिले आहे. वर सुखोपभोग, खाली सुखेच्छा. उपभोगाचा अंश वाढतो, पण इच्छेचा छेद त्याहून वेगाने वाढतो, हे शोपेनहॉअरच्या दुःखवादाचे मर्म त्यातून कळते. विल्यम जेम्सने 1890 मध्ये स्वाभिमानासाठी असेच सूत्र दिले होते. वर यश, खाली अपेक्षा. 1971 मध्ये ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी या धावण्याला जागच्या जागी फिरणाऱ्या पट्ट्याची उपमा दिली.

सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' (1959) या वाढत्या छेदाचीच कादंबरी आहे. मुलाचे तारुण्य घेऊनही राजाची वासना शमत नाही. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर अखेरची वर्षे काढलेल्या रामदासांनी 'दासबोधा'त त्रिविध ताप वर्णिले, त्यांचाही रोख विरक्तीकडे आहे. अशा वाचनातून 'इच्छा कमी करा' हीच आपल्याकडे सुखाची व्याख्या होऊन बसली.

माझा आक्षेप या व्याख्येला आहे. ययाति राजा होता. त्याला उपभोगाची वाण नव्हती. आटपाडी किंवा माणच्या दुष्काळात चारा छावणीत जनावरे घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला तोच उपदेश कसा लागू व्हावा? अमर्त्य सेन यांनी हा धोका नेमका दाखवला आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच आखडून घेतो. समाधान विचारणाऱ्या प्रश्नावलीत मग तो 'बरं चाललंय' म्हणतो आणि सुखी गणला जातो.

टिळकांना ही अडचण दिसली होती. त्यांनी असंतोष सरसकट त्याज्य ठरवला नाही. फळाची आसक्ती सोडायला सांगितली, कर्म सोडायला नव्हे. आगरकर तर ऐहिक सुख वाढवणे हेच माणसाचे कर्तव्य मानत. एरवी टोकाचे मतभेद असलेल्या या दोघांनाही हात बांधून मिळणारे समाधान नको होते.

आगरकरांचे जन्मगाव कराडजवळचे टेंभू. आज त्याच नावाच्या उपसा योजनेतून कृष्णेचे पाणी आटपाडीकडे चढवले जाते. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. तिथे जमलेल्यांनी आहे त्यात सुख मानले असते, तर प्रश्नावलीत त्यांचे गुण कदाचित वाढले असते. शिवारात पाणी आले नसते.