एकच नाटक पाहावयाचे तर

संगीत नाटक पाहावयाचे ते गाण्यासाठी की नाटकासाठी, हा वाद मराठी रसिकांत जुना आहे. ज्यांना वर्षातून दहा प्रयोग पाहावयास मिळतात त्यांनी तो खुशाल चालू ठेवावा; सुरतेस राहणाऱ्या मराठी माणसास ती चैन परवडत नाही. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत मुंबईस होणाऱ्या एका संगीत नाट्यमहोत्सवास आमच्या शाळेतील वरच्या वर्गांची काही मुले-मुली न्यावी असे ठरले. चार रात्री, चार नाटके: ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘स्वयंवर’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’. प्रवास व मुक्काम यांचा खर्च पाहता त्यांतील एकच पाहता येणार.

शिक्षकांच्या बैठकीत बहुमत ‘कट्यार’कडे झुकले. त्याचे कारण उघड आहे. २०१५ साली निघालेला चित्रपट मुलांनी पाहिलेला आहे. दोघा वयोवृद्ध हितचिंतकांनी ‘स्वयंवर’चा आग्रह धरला. आम्ही ‘शारदा’ सुचविले तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरली. त्या सूचनेमागचा विचार येथे मांडावयाचा आहे, कारण तो केवळ एका सहलीपुरता नाही.

प्रथम प्रेक्षक कोण ते ध्यानात घेतले पाहिजे. बडोद्याच्या मराठी समाजास राजाश्रयाची परंपरा लाभली. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली बडोद्यासच झाला. सुरतेचा मराठी समाज बहुतांशी खानदेशातून यंत्रमागांच्या मागे आला. उधना, लिंबायत या भागांतील आमच्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, शाळेत मराठी आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी. त्यांच्या कानांवर कानबाईची गाणी आहेत, भजने आहेत, वरातीतील बँड आहे. नाट्यसंगीत मात्र नाही. अशा मुलांनी आयुष्यातले पहिले संगीत नाटक पाहिले आणि ते कंटाळली, तर दुसरे ती पाहणार नाहीत. पहिल्या निवडीवर एवढे अवलंबून आहे.

आमची कसोटी साधी आहे: पद काढून घेतले तर प्रसंगातील काय नाहीसे होते? आपले संगीत नाटक म्हणजे अथपासून इतिपर्यंत गाइला जाणारा इटालियन ऑपेरा नव्हे. गद्य बोलता बोलता पात्र गाऊ लागते, आणि गाता गाता पुन्हा बोलू लागते. (युरोपातही मोझार्टच्या १७९१ सालच्या ‘जादूच्या बासरी’त संभाषण व गायन असेच आळीपाळीने येतात, तेव्हा आपला प्रकार काही जगावेगळा नाही.) सारी कला त्या सांध्यात आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांना हे पक्के ठाऊक होते. १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये आणि १८८२ च्या ‘सौभद्र’मध्ये पदे पुष्कळ, पण आटोपशीर आहेत. साकी, दिंडी अशा कीर्तनाने घरोघर नेलेल्या चालींवर ती बांधलेली असल्याने बोलण्यातून गाण्यात शिरताना उंबरठा लागत नाही.

पुढे हा उंबरठा उंच झाला. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली आले, ‘स्वयंवर’ १९१६ साली. गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांनी त्यांस दिलेल्या चालींनी रागदारी संगीत सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचविले, हे ऋण कोणी नाकारू नये. परंतु नाटकाने त्याची किंमत मोजली. पदांची संख्या घटली, प्रत्येक पद मात्र लांबले. रुक्मिणीस काय म्हणावयाचे आहे ते दोन ओळींत कळते. त्यानंतरची दहा मिनिटे रंगभूमीवर रुक्मिणी नसते, गायिका असते. त्यातून वन्समोअर मिळाला की श्रीकृष्णास पुन्हा तेवढाच वेळ तिष्ठत उभे राहावे लागते! बालगंधर्वांच्या गळ्याने हा दोष झाकला जात असे. पण गळा गेला तरी दोष राहतोच. मुरलेल्या रसिकास ‘स्वयंवर’ म्हणजे पर्वणी आहे. नवख्या मुलास ती मैफल वाटेल, आणि तीही मध्येच सोडून उठता न येणारी.

‘कट्यार’चे प्रकरण निराळे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली आले. त्यात गाणे हाच कथेचा विषय आहे. दोन घराण्यांच्या ईर्षेत गाणे हेच शस्त्र आहे. पद काढले तर नाटकच उरत नाही, म्हणजे आमच्या कसोटीस ते पूर्ण उतरते. आमची हरकत एवढीच की येथील पात्रे गातात ती गवई असल्यामुळे. साधे माणूस दुःखात वा थट्टेत का गाते, या मूळ कोड्यास हे नाटक हात घालीत नाही. शिवाय चित्रपट पाहिलेली मुले रंगभूमीवर तोच चित्रपट शोधीत बसतील.

राहिली दोन. ‘सौभद्र’ अधिक निर्दोष आहे, हे आम्ही मान्य करतो. द्वारकेच्या राजवाड्यात किर्लोस्करांनी मराठी एकत्र कुटुंब आणून बसविले आणि बळरामाच्या हट्टाला कृष्णाच्या कारस्थानाने उत्तर दिले. ते सुखाने पाहावे असे नाटक आहे. तरीही आम्ही देवलांकडे वळतो. १८९९ च्या ‘शारदे’त कोणी देव नाही, राजा नाही. पैशासाठी मुलीचा सौदा करणारा कांचनभट आहे, मध्यस्थ भद्रेश्वर आहे, म्हातारा भुजंगनाथ आहे. मैत्रिणी म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा गाण्यातून करतात, कारण वडीलधाऱ्यांविषयी गद्यात तसे बोलण्याची त्यांना सोय नाही. शारदा आपली भीती गाण्यातून सांगते, कारण त्या घरात तिचे बोलणे ऐकून घेणारे कोणी नाही. पद येथे मुलीची वाचा होते. (१९२९ च्या शारदा कायद्याचे नाव या नाटकावरून पडले असे अद्याप कित्येकजण सांगतात. ते हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून पडले.)

नाटकात वैगुण्य आहे, आणि ते मोठे आहे. लग्न मोडते ते मुलीच्या नकाराने नव्हे, तर वर व वधूपिता सगोत्र निघाल्याने. पुढे शारदेची सोडवणूक व्हावयाची तर शंकराचार्यांचा निर्णय लागतो. देवलांनी शास्त्राच्या जाचातून मुलीस सोडविले ते शास्त्राच्याच हाताने. त्या काळच्या प्रेक्षकास कदाचित तेवढेच पचले असते. आजच्या दहावीतल्या मुलीस हे खटकेल. खटकावेच, असे आम्हांस वाटते. दहावीनंतर आमच्या पटावरून ज्या मुलींची नावे गळतात, त्यांच्या घरी जाऊन चौकशी केली असता मिळणारी उत्तरे कांचनभटाच्या बोलण्याहून फार दूरची नसतात.

एका शिक्षकांनी सुचविले की जाण्यापूर्वी मुलांना जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवून त्यांचे कान तयार करावे. आम्ही त्यास नकार दिला. त्याऐवजी पहिल्या दोन अंकांचे गद्य वर्गात मुलांकडून वाचून घ्यावे. पदाची जागा आली की तेथे थांबावे आणि हे पात्र आता काय बोलेल ते मुलांनी आपल्या भाषेत सांगावे, मग ती अहिराणी का असेना. प्रयोगाच्या रात्री त्या जागा आल्या की मुले आपोआप कान देतील.