मराठीचा मुखवटा आणि मराठी मजकूर

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. समजा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने संगणकाची डिस्क पुसून त्यावर विंडोज 11 घातली. फाइली आधीच पेनड्राइव्हवर उतरवलेल्या होत्या. पण जुनी प्रश्नपत्रिका वर्डमध्ये उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा नुसता काला! दोष नव्या कार्यप्रणालीला दिला जातो. आमच्या मते तो तिचा नाही.

1990 च्या दशकात रूढ झालेल्या मराठी फाँटची रचना पाहा. संगणकात साठवला जाई तो इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक. फाँट त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीचे मुखवटे निराळे. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतेच, होते ते मराठीचे सोंग. डिस्कबरोबर फाँट गेला आणि सोंग उघडे पडले.

हे अटळ होते काय? नाही. इस्की ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली 1991 साली मान्य झाली. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीसाठी 128 जागांचा स्वतंत्र विभाग होता. विंडोज 2000 मध्ये तर देवनागरीची सोय आयतीच आली. तरीही जुने फाँट पुढे कित्येक वर्षे चालू राहिले. कागदावर छान उमटले की काम झाले, ही आपली कसोटीच तोकडी होती. मजकूर दहा वर्षांनी वाचता येईल का, शोधता येईल का, हे कोणी विचारले नाही.

युनिकोडही टीकेपलीकडे नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या ‘मंगल’ फाँटमध्ये सहज उमटणारे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. पहिलीच्या मुलांना अक्षर शिकवणाऱ्याला हे खटकणारच. पण हा दोष वरवरचा आहे. विंडोज 10 पासून ‘मंगल’ ऐच्छिक झाला, त्याची जागा ‘निर्मला’ घेतो. तेव्हा ओळी पुढेमागे होतील, चार पानांची पाच होतील. मजकूर मात्र शाबूत राहील.

उपाय सोपे आहेत. कार्यप्रणाली बदलण्याआधी जुन्या फाँटच्या फाइली वेगळ्या जपाव्यात, महत्त्वाच्या कागदांची पीडीएफ करावी. मग रूपांतरकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि डोळ्यांनी तपासावा. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराआधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. म्हणून वेलांटी आणि रफार येथेच चुका फार होतात.

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’च्या हस्तलिखित पोथ्या लिपी जाणणाऱ्याला आजही वाचता येतात. आपली वीस वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका मात्र वाचता येत नाही. तेव्हा एक प्रयोग आजच करावा: जुन्या फाइलीतला एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. मराठी मराठीच राहिली, तर मजकूर सुरक्षित आहे. न राहिली, तर पुढच्या बदलाआधी काम उरकायला हवे.